गाडीत तापलेलं इन्सुलिन: वापरायचं की टाकायचं?

प्रश्न: आईचं वय ६४. तिला सकाळ-संध्याकाळ ३०/७० इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण) आहे. नागपूरहून यवतमाळला येताना नवीन पेनचा खोका आणि चालू पेन गाडीच्या डिक्कीत राहिले आणि गाडी दुपारी तीन-चार तास भर उन्हात बंद उभी होती. पेन दिसायला नेहमीसारखेच आहेत. वापरावेत का? दुसरं म्हणजे, भाचीला टाइप १ डायबेटीस आहे. ती मे महिनाभर रत्नागिरी जिल्ह्यात आजोळी राहणार आहे. तिथे फ्रीज नाही. आजी म्हणते, माठात ठेवू. चालेल का? आणि घरात हार्मोनची आणखीही इंजेक्शनं आहेत: बहिणीचं अंतरा हे गर्भनिरोधक, माझं वजनासाठीचं आठवड्याचं पेन. त्यांनाही हेच नियम लागतात का?

उत्तर: आधी आईंच्या पेनबद्दल, कारण संध्याकाळचा डोस जवळ आला असेल. गाडीत राहिलेले सगळे पेन, चालू आणि न उघडलेले दोन्ही, नेहमीच्या वापरातून काढा आणि आजच नवीन आणा. मात्र नवीन पेन हातात येईपर्यंत इन्सुलिन बंद ठेवू नका. पेनमध्ये गुठळ्या किंवा तंतू दिसत नसतील तर आजचा डोस त्यातूनच, नेहमीच्याच मात्रेत द्या आणि एरवीपेक्षा जास्त वेळा शुगर तपासा. कमजोर झालेल्या इन्सुलिनमुळे शुगर थोडी वर राहील. इन्सुलिन घेतलंच नाही तर ती कुठवर जाईल याचा भरवसा नाही.

पाच पेनच्या खोक्याची किंमत मला ठाऊक आहे. महिन्याच्या औषधांचा मेळ घरोघरी कसा बसवावा लागतो हेही रोज समोर दिसतं. म्हणून ‘तापलं की टाका’ असा सरसकट सल्ला मी देत नाही. हाच खोका पिशवीत घेऊन तुम्ही एसटीनं तीन तास आला असता आणि बाहेर ४२ अंश असते, तरी मी म्हटलं असतं, घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवा आणि निर्धास्त वापरा. उन्हाळा तोच, पेन तेच, मग उत्तर वेगळं का, हे नीट समजून घ्या. एकदा ते कळलं की लेबलावर न लिहिलेल्या प्रसंगीही काय करायचं हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

इन्सुलिन हे छोटं प्रथिन आहे. एकूण ५१ अमिनो आम्लं, एका साखळीत २१ आणि दुसऱ्या साखळीत ३०. या दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. बाटलीत इन्सुलिनचे रेणू सुटे नसतात. जस्ताच्या दोन अणूंभोवती सहा-सहा रेणूंचा गट करून ते बसलेले असतात. इन्सुलिनला जो औषधी वास येतो तो फिनॉल किंवा मेटाक्रेसॉलचा. ही द्रव्यं जंतूंना आवर घालतात आणि शिवाय हा सहाचा गट घट्ट धरून ठेवतात. गटात असेपर्यंत इन्सुलिन सुरक्षित असतं. टोचल्यावर कातडीखाली गट फुटतो आणि सुटा रेणू रक्तात जाऊन काम करतो.

उष्णतेमुळे या बाटलीत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि त्यांचा वेग अगदी वेगळा आहे.

पहिली रासायनिक आणि संथ. साखळीतल्या काही ठरावीक जागा हळूहळू बदलतात, काही रेणू एकमेकांना कायमचे चिकटून जोड्या बनतात. हे फ्रीजमध्येही चालू असतंच, म्हणून तर बाटलीवर मुदत छापलेली असते. तापमान वाढलं की वेग वाढतो, पण ३५-४० अंशांच्या टप्प्यात तो वेग आठवड्यांत मोजण्याइतकाच असतो. शिवाय बदललेल्या रेणूंपैकी पुष्कळसे बऱ्यापैकी कामही करत राहतात.

दुसरी गोष्ट जास्त घातक. तापमान फार चढलं की सहाचा गट फुटतो, सुटा रेणू उलगडतो आणि त्याच्या आत दडलेला, पाण्याला टाळणारा भाग उघडा पडतो. असे उघडे पडलेले भाग एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे तंतू बनतात. एकदा तंतूची सुरुवात झाली की तो विरजणासारखं काम करतो. थोडासाच असला तरी शेजारचे चांगले रेणू ओढून घेतो. हिंदकळणं आणि पेनमधला हवेचा बुडबुडा या दोन्हींमुळे ही क्रिया आणखी वाढते. म्हणून स्कूटरची डिक्की ही इन्सुलिनसाठी अतिशय वाईट जागा आहे: खालून इंजिनची धग, वरून ऊन आणि रस्त्याचे धक्के. तंतू झालेलं इन्सुलिन शुगर उतरवत नाही, आणि ते परत फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून पूर्ववत होत नाही. ‘रात्रभर गार केलं, आता ठीक असेल’ हा समज फार घरांत आहे. थंडीमुळे पुढचं नुकसान मंदावतं. झालेलं भरून येत नाही.

आता तुमची गाडी. मे महिन्यात विदर्भात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंश किंवा त्याहूनही जास्त तापमान होतं. डॅशबोर्डवर सत्तरीपर्यंत, डिक्कीत त्याहून कमी, पण पन्नाशीच्या पुढे गेलं असेल असंच धरून चालावं लागतं. मी मनाशी असा हिशोब ठेवतो: ३७ अंशांपर्यंत इन्सुलिनचं नुकसान आठवड्यांत मोजायचं, पंचेचाळीसच्या आसपास दिवसांत आणि पन्नाशी-साठीत तासांत. एसटीतली पिशवी पहिल्या दोन टप्प्यांच्या मध्ये कुठेतरी होती, तीही तीनच तास. तुमची डिक्की तिसऱ्या टप्प्यात गेली. हे अंदाजाचे टप्पे आहेत, प्रयोगशाळेतल्या रेघा नव्हेत, पण निर्णय घ्यायला मला ते पुरतात.

पेन नेहमीसारखे दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. बिघडलेलं दिसतं तेव्हा ते नक्की बिघडलेलं असतं. चांगलं दिसतं तेव्हा ते चांगलं असेलच असं नाही. ३०/७० मुळातच दुधाळ असल्यानं त्यात तंतू ओळखणं आणखी अवघड. पेन फिरवून सारखं केल्यावर आत कण तरंगत राहिले, काचेला आतून दंव साचल्यासारखा पांढरा थर दिसला किंवा गुठळ्या तळाशी बसून राहिल्या, तर ते टोचायचं नाही. रेग्युलर, लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लार्जिन ही इन्सुलिनं पाण्यासारखी स्वच्छ असतात. त्यांत किंचित गढूळपणा किंवा पिवळसर छटा आली तरी पेन बाद.

आता लेबलावरच्या आकड्यांबद्दल, कारण घोळ तिथे सर्वांत जास्त होतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवलं तर छापलेल्या मुदतीपर्यंत चांगलं. वापरात आल्यावर बहुतेक प्रकार ३० अंशांखाली २८ दिवस, डेटेमिर ४२ दिवस, डिग्लुडेक ५६ दिवस. हे आकडे कंपनीनं हमी दिलेले आहेत आणि जमेल तिथे तेच पाळायचे. पण ‘३० अंशांखाली’ हा शब्दप्रयोग अकोला-चंद्रपूरकडच्या घराला एप्रिल ते जून जवळजवळ अशक्य आहे. घरात पंख्याखालीसुद्धा ३६-३८ असतात. मग २८ दिवसांचं काय करायचं?

यावर अभ्यास झाले आहेत आणि ते एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. २००९ साली पुदुच्चेरीहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३२ आणि ३७ अंशांवर २८ दिवस ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद १४ ते १८ टक्के घटलेली आढळली. उलट, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी उत्तर केनियातल्या दादाब इथल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या घरांत तापमान मोजलं. रात्री २५, दिवसा ३७. तसाच चढउतार प्रयोगशाळेत चार आठवडे करून पाहिला तेव्हा ताकद एक टक्क्याहून जास्त कमी झाली नाही. हा अभ्यास २०२१ चा. पुढे २०२३ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं उपलब्ध पुरावा एकत्र तपासला आणि मांडलं की न उघडलेलं ह्यूमन इन्सुलिन २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने उपचारावर परिणाम होईल इतकं कमजोर होत नाही.

मला केनियातली परिस्थिती आपल्या घरांच्या जास्त जवळची वाटते, कारण घर रात्री थोडं तरी निवतं. तापमान महिनाभर एका आकड्यावर खिळून राहत नाही. पण पुदुच्चेरीचा आकडा मी बाजूला टाकत नाही. तो गृहीत धरून मी कडक उन्हाळ्यात, फ्रीज नसलेल्या घरात, उघडलेली बाटली २८ ऐवजी तीन आठवड्यांत बदलायला सांगतो, तीही शक्य असेल तर. छोटा डोस असलेल्यांची बाटली तेवढ्यात संपत नाही आणि उरलेलं टाकणं परवडत नाही. तेव्हा शुगरचे आकडे ठीक येत आहेत ना हे पाहून पुढे वापरू देतो. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनानं लिहा. हे फुकटचं काम आहे आणि फार थोड्या घरांत होतं.

उन्हाच्या धास्तीनं लोक जे करतात त्यातून मात्र जास्त इन्सुलिन वाया जातं. मला खरी काळजी गोठण्याची वाटते. उन्हाळ्यात फ्रीजचं बटण ‘मॅक्स’वर जातं, एका दाराच्या फ्रीजमध्ये फ्रीजरच्या लगेच खालच्या ट्रेमध्ये पेन ठेवले जातात आणि तिथे पहाटे शून्याखाली तापमान जातं. गोठलेल्या ३०/७० मधले कण एकमेकांना चिकटतात, वितळल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखे मिसळत नाहीत आणि प्रत्येक डोस वेगळ्या ताकदीचा होतो. गोठलेलं इन्सुलिन एकदाच गोठलं असलं तरी टाकायचं. इथे अंदाजाला जागा नाही. अमेरिका आणि युरोपातल्या घरगुती फ्रीजमध्ये इन्सुलिनशेजारी तापमापक ठेवून केलेली एक पाहणी २०१८ मध्ये मांडली गेली. पाचपैकी जवळपास चार ठिकाणी तापमान सांगितलेल्या मर्यादेबाहेर गेलेलं आढळलं आणि सुमारे १७ टक्के ठिकाणी ते शून्याखालीही उतरलं होतं. आपल्याकडे वीज जाते-येते, तेव्हा परिस्थिती याहून चांगली असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

म्हणून आईंचे नवे पेन दाराच्या कप्प्यात किंवा मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ठेवा. मागच्या भिंतीला टेकवू नका. दुपारी लाइट जाणार म्हणून कुणी ते आधीच फ्रीजरमध्ये हलवत असेल तर थांबवा. फ्रीजचं दार बंद ठेवलं तर आतला गारवा तीन-चार तास सहज टिकतो, आणि रात्रभर वीज नसली तरी न उघडलेल्या पेनला काही होत नाही. मेडिकलमधून आणताना बर्फाच्या पिशवीला पेन चिकटून येतात तेही टाळा. मध्ये रुमालाची घडी हवी. उन्हाळ्यात खरेदी संध्याकाळी करा आणि ज्या दुकानात फ्रीज फक्त कोल्ड्रिंकचा नाही, औषधांचा वेगळा आहे, तिथून करा. दुकानदाराला विचारायला संकोच करू नका.

चालू पेन खरं तर बाहेर ठेवला तरी चालतो, पण विदर्भातल्या मे महिन्यात मी तो फ्रीजच्या दारात ठेवायला सांगतो, टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून. एक नियम मात्र कधीच मोडायचा नाही: सुई लावून पेन ठेवायचा नाही. तापलं की द्रव प्रसरण पावून सुईतून थेंब बाहेर येतो, गार झाला की आत हवा ओढली जाते. पुढच्या डोसला मग इन्सुलिनच्या जागी थोडी हवाच जाते, आणि ३०/७० मध्ये तर पारदर्शक भाग आधी गळून उरलेलं मिश्रणच बदलतं.

यावरून पुढचा मुद्दा येतो. उन्हाळ्यात शुगर वाढली की ‘इन्सुलिन खराब झालं’ हा पहिला संशय असतो. माझ्या अनुभवात दहा वेळा संशय आला तर बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं. वर्षानुवर्षं पोटावर एकाच जागी टोचून तिथे झालेली गाठ, ज्यातून इन्सुलिन नीट शोषलंच जात नाही. ३०/७० नीट न मिसळणं: पेन तळहातांत दहा वेळा घोळवायचा आणि दहा वेळा उलटसुलट करायचा असतो, आणि लोक दोनदा हलवून टोचतात. पाणी कमी पडल्यानं वाढलेली शुगर. आंबा आणि उसाचा रस. आणि ज्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही ते म्हणजे तापलेल्या पट्ट्या. ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही बहुधा ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात. त्या गाडीत तापल्या किंवा डबीचं झाकण उघडं राहिलं तर आकडाच खोटा येतो. तुमच्या गाडीत मीटर आणि पट्ट्याही होत्या का ते पाहा. असतील तर त्याही बदला, नाहीतर नव्या पेनबद्दलही चुकीचा निष्कर्ष काढाल.

त्याच वेळी ऊन उलट दिशेनंही ओढतं. कातडी तापली की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि इन्सुलिन लवकर शोषलं जातं. दुपारी उन्हातून आल्यावर किंवा गरम पाण्यानं अंघोळ केल्यावर लगेच घेतलेला डोस नेहमीपेक्षा आधी आणि जोरात उतरू शकतो. त्यामुळे मे महिन्यात एकाच माणसाची शुगर सकाळी २८० आणि दुपारी ६० दिसली, तर पेनला दोष देण्याआधी हे सगळं तपासावं लागतं.

आणि ज्या धोक्याबद्दल मी प्रत्येक कुटुंबाला बजावून सांगतो तो हा: इन्सुलिन कमजोर होत गेलं की शुगर चढत जाते, आणि घरचे किंवा डॉक्टरही डोस वाढवत नेतात. २० युनिट होते ते २४ होतात, मग ३०. मग बाटली संपते, नवीन, पूर्ण ताकदीची उघडली जाते आणि पहिल्याच रात्री तेच ३० युनिट टोचले जातात. पहाटे घाम, थरथर, बडबड, बेशुद्धी. म्हाताऱ्या माणसाला एकटं झोपवलं असेल तर सकाळपर्यंत कुणाला कळतही नाही. तापलेल्या इन्सुलिनवर शुगर वाढली असा संशय असेल तर आधी पेन बदलायचा, डोस नंतर. आणि जुन्यावर डोस वाढवला गेलाच असेल, तर नवीन उघडण्याआधी डॉक्टरांना फोन करून पूर्वीच्या मात्रेवर परत यायचं का ते विचारायचं. आईंच्या बाबतीत आज-उद्या डोस वाढवू नका. नवीन पेनचे दोन-तीन दिवसांचे आकडे वहीत लिहा आणि मग बोला.

आता घरातल्या इतर इंजेक्शनांचं. सगळी हार्मोन्स एका जातीची नसतात. इन्सुलिनसारखी काही प्रथिनं किंवा पेप्टाइड असतात, म्हणजे घडी घातलेल्या अमिनो आम्लांच्या साखळ्या. त्यांना उष्णता आणि गोठणं दोन्ही बाधतं. दुसरी स्टेरॉइड हार्मोन्स. त्यांचा रेणू चार जोडलेल्या कड्यांचा, लहान आणि कणखर. उलगडायला त्यात घडीच नसते. बहिणीचं अंतरा हे दुसऱ्या जातीचं. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, दर तीन महिन्यांनी, २०१७ पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात मोफत मिळणारं. ते फ्रीजमध्ये ठेवायचं नसतं, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला चालतं. उन्हाळ्यातल्या घरात काही दिवस राहिलं तर घाबरू नये; गाडीत किंवा पत्र्याखाली मात्र ठेवू नये. त्याचा घात वेगळ्याच गोष्टीनं होतो. त्यात औषध बारीक कणांच्या रूपात तळाशी बसतं आणि बाटली जोरजोरात हलवल्याशिवाय टोचलं तर निम्मं औषध तळाशीच राहतं. इन्सुलिन घोळवायचं, हे मात्र खळखळून हलवायचं. पुरुषांना दिलं जाणारं तेलातलं टेस्टोस्टेरॉन आणि आयव्हीएफमधलं तेलातलं प्रोजेस्टेरॉनही याच कणखर जातीचं. थंडीत त्यात खडे दिसले तर मुठीत धरून कोमट केल्यावर विरघळतात.

तुमचं आठवड्याचं पेन पहिल्या जातीचं आहे. सेमाग्लुटाइड ३० अंशांखाली सहा ते आठ आठवडे टिकतं, डुलाग्लुटाइडला १४ दिवसच मिळतात, इतरांना आणखी वेगळे. तेव्हा वेष्टनातला कागद वाचा आणि उन्हाळाभर ते फ्रीजमध्येच ठेवा. गोठलं तर टाका. एक दिलासा असा की ते थोडं कमजोर झालं तरी इन्सुलिनसारखा तातडीचा धोका उभा राहत नाही. मुलांचं ग्रोथ हार्मोन आणि हाडांसाठीचं टेरिपॅराटाइड फ्रीजमध्ये, आणि ग्रोथ हार्मोन कधीच जोरात हलवायचं नाही. आयव्हीएफमध्ये बीजं वाढवण्यासाठी देतात त्या एफएसएच हार्मोनच्या पेनना फ्रीजबाहेर तीन महिने मिळतात, पण २५ अंशांखाली, आणि ते आपल्या उन्हाळ्यात फक्त एसीच्या खोलीत. पावडरच्या रूपातली औषधं, जसं वंध्यत्वाच्या उपचारातलं एचसीजी किंवा शुगर फार उतरल्यावर (हायपो) द्यायचं ग्लुकागॉन, पाण्यात मिसळेपर्यंत बरीच सोशीक असतात. रेणूला उलगडायला पाणी लागतं. कोरडा असताना तो जागच्या जागी राहतो.

विचारलं नाहीत, तरी ऑक्सिटोसिनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं हे हार्मोन फक्त नऊ अमिनो आम्लांचं आहे आणि उष्णतेला कच्चं. जागतिक आरोग्य संघटना ते २ ते ८ अंशांतच ठेवायला सांगते. प्रसूतिगृहात हाताशी असावं म्हणून त्याच्या अँप्युल ट्रॉलीवर दिवसेंदिवस पडून राहतात, आणि ज्या रात्री खरी गरज पडते त्या रात्री औषध पूर्ण ताकदीचं असेल याची खात्री उरत नाही. यावर उपाय म्हणून उष्णता सोसणारं कार्बेटोसिन तयार झालं, जे ३० अंशांत तीन वर्षं टिकतं. भारतासह दहा देशांतल्या २९ हजारांहून अधिक बाळंतिणींवरच्या चाचणीत ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले आणि २०१९ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत गेलं. घरात कुणाचं बाळंतपण असेल तर दवाखान्यात ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये ठेवतात का, एवढं जरूर विचारा.

शेवटी भाची. आजीचा माठ चालेल. पण माठाचा गुण हवेवर अवलंबून असतो. पाणी बाष्प होताना उष्णता ओढून नेतं आणि कोरड्या हवेत ते झपाट्यानं होतं. यवतमाळला ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओली वस्तू जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकते, म्हणजे चांगल्या माठात २७-२८ सहज मिळतात. रत्नागिरीकडे मे महिन्यात ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हीच मर्यादा २९ वर अडते. माठ तीन-चार अंशांचाच फायदा देईल. भिजवून वापरायच्या थंड पाऊचचंही तेच. पण कोकणात तेवढं पुरतं, कारण मुळात बाहेरच ३४ आहेत आणि वर सांगितलेला पुरावा ३७ पर्यंतचा आहे. विदर्भात माठ अत्यावश्यक आहे, कोकणात जास्तीची काळजी म्हणून.

मोठा माठ, आत वाळूचा ओला थर, त्यावर लहान मडकं, त्यात कोरड्या प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. पेन थेट पाण्यात नको. हे सगळं माजघरात जमिनीवर, जिथे वारा येतो पण ऊन येत नाही. माळ्यावर अजिबात नाही. कौलं तापली की तिथलं तापमान अंगणापेक्षाही वर जातं. दोनेकशे रुपयांचा डिजिटल तापमापक डबीत ठेवा, म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही. महिन्याचा सगळा साठा घरी ठेवू नका. निम्मा जवळच्या ओळखीच्या मेडिकलच्या किंवा शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवा, तिच्या नावाची चिठ्ठी लावून, आणि फ्रीजरमध्ये ठेवू नका असं त्यावर ठळक लिहून.

पेन हरवला किंवा फुटला आणि गावात फक्त बाटली मिळाली, तर आपल्याकडची बाटली बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटची असते आणि पेन १०० चा. बाटलीसाठी लाल टोपीची ४० ची सिरिंज घ्या. पेनच्या रिफिलमधून ४० च्या सिरिंजनं इन्सुलिन कधीही ओढू नका. तो अडीचपट डोस होतो. बाटलीतलं इन्सुलिन तिच्या पेनमधल्याच प्रकारचं आहे का, हेही तिच्या डॉक्टरांना फोनवर विचारून घ्या.

आजी-आजोबांना निघण्यापूर्वी बसवून एवढं समजावा: शुगर सलग दोनदा ३०० च्या वर आली, किंवा पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालू लागला, तर हे इन्सुलिन चांगलं की वाईट असा विचार करत बसायचं नाही. फ्रीजमधल्या साठ्यातला नवीन पेन उघडायचा, तिच्या डॉक्टरांना फोन लावायचा आणि तिला घेऊन लगेच निघायचं. टाइप १ मध्ये इन्सुलिन काही तासच बंद पडलं तरी रक्तात आम्ल साठू लागतं. तेव्हा सर्वांत जवळचं, रात्री डॉक्टर आणि सलाइन दोन्ही उपलब्ध असलेलं रुग्णालय कोणतं, तिथवर जायला गाडी कुणाची, हे पहिल्याच दिवशी ठरवून दोन्ही फोन नंबर माठाशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा.